लुटारू पक्षी आणि माझा कॅमेरा

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



यंदा बाहेरचा वक्ता आणायचा नाही, आपल्यातल्याच माणसांनी बोलायचं, असं समितीने ठरवलं तेव्हा मला वाटलं, मानधन वाचवायची युक्ती आहे. (हशा) गेल्या तीन दिवसांत मधुमेह, म्युच्युअल फंड आणि ज्ञानेश्वरी असे तीन विषय झाले. आज मी आणि माझे लुटारू पक्षी. उतरती कळा म्हणतात ती हीच.

आत्ता पडद्यावर जी चित्रफीत पाहिलीत ती 38 सेकंदांची आहे. लहान मुलांनी "परत दाखवा, परत दाखवा" केलं म्हणून दोनदा लावली. खरं सांगायचं तर परत दाखवा म्हणणाऱ्यांत मुलांपेक्षा आजोबा जास्त होते. तुम्ही पाहिलंत ते असं: एक मोठा पांढरा पक्षी, पंखांची टोकं काळी, डोकं पिवळसर, समुद्रावरून कड्याकडे येतोय. तो गॅनेट. त्याच्या मागून एक तपकिरी, जाडजूड पक्षी येतो. पुढे येऊन त्याच्या पंखाचं टोक चोचीत धरतो. उडत्या विमानाचा एक पंख कोणी धरला तर काय होईल? गॅनेट गरगरत पाण्यात पडतो. तपकिरी पक्षी त्याच्या पाठीवर. मग गॅनेट मान पुढे करून गिळलेले मासे ओकून टाकतो आणि दुसरा ते खायला लागतो. संपलं.

हा तपकिरी पक्षी म्हणजे ग्रेट स्कुआ. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत, तिथले लोक त्याला बॉन्क्सी म्हणतात. गॅनेट वजनाने त्याच्या दुप्पट. पंख पसरले तर गॅनेट जवळजवळ पावणेदोन मीटर आणि स्कुआ सव्वा मीटरच्या थोडा वर. म्हणजे अंगापिंडाने लहान असलेला मोठ्याला लुटतोय. आपल्याकडे "आयत्या बिळावर नागोबा" म्हणतात, पण नागोबाला निदान उंदराचा पाठलाग करावा लागत नाही. हा प्रकार जास्त करून वाटमारीचा. मासे धरायला गॅनेट दूर समुद्रात जातो, उंचावरून तासाला शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने पाण्यात सूर मारतो. त्या आघातासाठी त्याच्या चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, नाकपुड्या बाहेरून बंदच असतात. एवढी सगळी यंत्रणा वापरून तो पोट भरून पिल्लाकडे निघतो, आणि घराच्या दारात त्याला हा नाकेदार भेटतो. ऑक्ट्रॉय भरा, मग पुढे.

गॅनेट देतो का? कधी देतो, कधी निसटतो. मी तीन दिवसांत जे पाठलाग पाहिले त्यांतले बरेचसे फुकट गेले. स्कुआ मागे लागला, थोडं अंतर गेला, सोडून दिलं. पण ओकून टाकण्यात गॅनेटचाही हिशेब आहे. ओझं गेलं की तो हलका होतो आणि जीव वाचतो. मासे उद्या परत मिळतील. खंडणीचं गणित माणसांतही असंच चालतं, त्यावर अधिक बोलत नाही.

स्कुआंमध्ये एक धाकटी जात आहे, आर्क्टिक स्कुआ. जेमतेम अर्धा किलोचा पक्षी, टोकदार पंखांचा. तो सुरय पक्ष्यांच्या मागे लागतो. सुरय म्हणजे आपल्या खाडीवर चोच खाली करून घिरट्या घालणारे ते सडपातळ पांढरे पक्षी. सुरय चोचीत एक चांदीसारखी मासळी घेऊन येतो, आणि हा मागे. डावीकडे वळला की हा डावीकडे, खाली गेला की हा खाली, जणू एकाच दोऱ्याला दोघं बांधलेत. शेवटी सुरय मासा टाकतो आणि तो पाण्याला लागायच्या आत स्कुआ हवेत झेलतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण कॅमेऱ्यात एकदाही नीट आलेलं नाही. माझ्याकडे त्याच्या 11 फिती आहेत. नऊमध्ये नुसतं आकाश आहे, दोनमध्ये माझा अंगठा.

स्कुआच्या शास्त्रीय नावाची एक गंमत सांगतो. स्टर्कोरॅरियस. याचा अर्थ विष्ठेशी संबंधित. जुन्या लोकांनी पाहिलं की हा पक्षी दुसऱ्याच्या मागे लागतो, पुढच्याच्या अंगातून काहीतरी पडतं आणि हा ते झेलून खातो. त्यांना वाटलं, शी शी, हा घाण खातो. तेच नाव चिकटलं, नंतर खरं कळलं तरी बदललं नाही. फ्रिगेट पक्ष्याचं बघा. तोही हवेत दुसऱ्या पक्ष्यांना छळून मासे ओकायला लावतो, पण त्याला नाव मिळालं लढाऊ जहाजाचं! कोण कोणाला चाचा म्हणतो हे सांगणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक न घेता कोकण किनाऱ्यावरून जाणारी जहाजं त्यांनी धरली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. आपल्यासाठी ते सरखेल.

फ्रिगेट पक्षी परका नाही. पावसाळ्यात समुद्रावर मोठं वादळ झालं की थकलेले फ्रिगेट, बूबी असे पक्षी मुंबईत आणि किनाऱ्यावरच्या गावांत येऊन पडतात. वर्तमानपत्रात "दुर्मिळ पाहुणा" म्हणून फोटो येतो तो हाच. पंख दोन मीटरहून लांब, पण पिसं पाण्याला तोंड देणारी नाहीत, त्यामुळे पाण्यावर बसता येत नाही. मग राहतो हवेतच. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी वेमर्स्कर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोझांबिकच्या सामुद्रधुनीतल्या युरोपा बेटावरच्या फ्रिगेट पक्ष्यांना यंत्रं लावली, तेव्हा ते जमिनीला न टेकता जवळजवळ दोन महिने उडत राहतात असं दिसलं. हे 2016 साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांच्या मेंदूच्या नोंदी आल्या. उडता उडता ते झोपतात, पण दिवसाला सरासरी 42 मिनिटंच. जमिनीवर हाच पक्षी 12 तासांहून अधिक झोपतो. म्हणजे गेली पाच वर्षं आपले जे सचिव आहेत त्यांच्यासारखंच. (हशा) आणि हो, एवढा बदनाम असला तरी फ्रिगेट आपलं बहुतेक अन्न स्वतःच धरतो. उडणारे मासे, माकुळ. चोरी हा जोडधंदा.

आता मी तिथे कसा पोचलो ते थोडक्यात. मुलगा ॲबर्डीनला नोकरीला. 2018 च्या जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. ॲबर्डीनहून संध्याकाळी बोट सुटते ती सकाळी शेटलंडच्या लर्विक बंदराला लागते. तिथून आणखी दोन छोट्या फेरी बोटी करून अन्स्ट नावाच्या बेटावर. ब्रिटनचं वस्ती असलेलं सगळ्यात उत्तरेचं बेट. त्याच्या टोकाला हर्मानेस हा कड्यांचा प्रदेश, समोर खडकावर एक दीपगृह. जूनमध्ये तिथे पूर्ण अंधार पडतच नाही. रात्री बारालाही संधिप्रकाश असतो, त्याला ते लोक सिमर डिम म्हणतात. आमच्या हिला झोपच येईना. मला हरकत नव्हती, जास्त वेळ शूटिंग.

कड्यापर्यंत जायला माळरानातून लाकडी फळ्यांची वाट आहे. माळावर स्कुआंची घरटी. घरट्याजवळून माणूस गेला की स्कुआ सरळ डोक्यावर झेप घेतो. पायाने टपली मारून जातो. सव्वा किलोचा पक्षी वेगाने आला की टपलीसुद्धा टपली राहत नाही. म्हणून काठी डोक्यापेक्षा उंच धरून चालायचं, तो सर्वांत उंच टोकावर येतो. माझ्याकडे काठी नव्हती, दादरहून घेतलेली लांब दांड्याची छत्री होती. ऊन स्वच्छ, वारा सुटलेला आणि मी मिटलेली छत्री डोक्यावर धरून चाललोय. हिने काढलेला तो फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आजही फिरतो.

मंडळी, मला तिथे एक गोष्ट फार लागली, ती आधी सांगतो आणि मग का लागली ते सांगतो. हर्मानेसला 1831 साली स्कुआच्या फक्त तीन जोड्या उरल्या होत्या. अंडी गोळा करणारे, पेंढा भरून ठेवणारे यांनी बाकीच्या संपवल्या. त्या वर्षी तिथले जमीनमालक डॉ. लॉरेन्स एडमंडस्टन यांनी त्यांचं रक्षण सुरू केलं. आणि दुसऱ्या एका बेटावर, फूलाला, त्याच्याही आधीपासून लोक स्कुआला मारू देत नसत. कारण भूतदया नव्हे. स्कुआ गरुडाला हाकलतो आणि गरुड मेंढीची कोकरं नेतो. म्हणजे डोक्यात टपली खाऊनसुद्धा त्यांनी शेजारी म्हणून त्याला ठेवलं, कारण त्याचा उपयोग त्यांना माहीत होता.

हे का लागलं, त्याच्यावर येतो. त्याआधी शिकारी प्राण्यांच्या चित्रीकरणाबद्दल दोन शब्द, कारण मला झालेला रोग जुना आहे.

एत्येन-ज्यूल मारे नावाचा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ होता. पक्षी कसा उडतो हे त्याला पाहायचं होतं. 1882 साली त्याने कॅमेरा बनवला तो चक्क बंदुकीच्या आकाराचा. दस्ता खांद्याला, नळी आकाशाकडे, चाप ओढला की एका सेकंदात 12 चित्रं. नेपल्सला समुद्रकाठी तो कुरव पक्ष्यांवर ही बंदूक रोखून फिरायचा. सिनेमा जन्माला यायच्या आधीची ही गोष्ट. आपण आजही "शूटिंग" म्हणतो आणि "शॉट मिळाला" म्हणतो, ते मला त्या दिवसापासून वेगळं ऐकू येतं. इंग्लंडात कीर्टन बंधू होते, पक्ष्यांच्या जवळ जायचं म्हणून ते पेंढा भरलेल्या बैलाच्या कातड्यात लपून फोटो काढायचे. गॅनेटही पडद्यावरचा जुना नट आहे. ज्युलियन हक्सली यांनी 1934 साली वेल्सजवळच्या ग्रासहोम बेटावर त्याच्यावर छोटा चित्रपट केला, त्याला पुढे ऑस्कर मिळालं. आणि अलीकडे 2017 मध्ये "ब्लू प्लॅनेट 2" या मालिकेत सेशल्समधले मोठे मासे पाण्याबाहेर उडी मारून उडत्या सुरय पक्ष्यांना धरताना सगळ्या जगाने पाहिले. आधी ती नुसती मच्छीमारांकडून आलेली कहाणी होती, पुराव्याचा एक फोटो नव्हता. त्या भरवशावर माणसं कॅमेरे घेऊन तिथे गेली! ज्याला हा नाद नाही त्याला हे वेड वाटेल. ज्याला आहे त्याला हेवा वाटेल.

या चित्रीकरणात गोडी कसली? खरं उत्तर सांगायची लाज वाटते. वाघ झोपलाय तर आपण अर्धा मिनिट बघतो. वाघ उठला की सरळ बसतो. वाघ हरणाच्या मागे लागला की श्वास धरतो. त्या वेळी आपण कोणाच्या बाजूने असतो? मला वाटतं, दोघांच्याही नाही. आपण काहीतरी घडण्याच्या बाजूने असतो. मी कड्यावर पोटावर पडून एक डोळा कॅमेऱ्याला आणि दुसरा उघडा ठेवून (हे करावं लागतं, मागून कोण येतोय ते कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसत नाही) एकेक गॅनेट धरून चालवत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो 38 सेकंदांचा प्रसंग झाला. मी ओरडलो. "मिळाला!" असं मराठीत ओरडलो. शेजारचे दोन स्कॉटिश आजोबाही हसले, त्यांना बरोबर समजलं. ही मागे थर्मास घेऊन बसली होती. तिने विचारलं, "तुम्हाला नक्की काय मिळालं हो?"

तिला उत्तर द्यायला मला सात वर्षं लागली. आज देतो.

2015 सालची गोष्ट. तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि पहिला चांगला कॅमेरा घेतला होता. डी-विंगमागच्या माडावर घारीचं घरटं होतं, जुन्या लोकांना आठवत असेल. घारीचा आणि कावळ्यांचा खेळ मला फार आवडायचा. मासळीवाल्याच्या पाटीतून पडलेला बोंबील कावळ्याने उचलावा, घारीने तो हवेत त्याच्याकडून काढून घ्यावा, आणि मग दुसऱ्या घारीने पहिलीच्या पायातून. स्कुआ बघायला शेटलंडला जायची गरज नाही, हे सगळं आपल्या पंपरूमवर चालतं. पण ते रोज घडत नाही आणि घडतं तेव्हा प्रकाश चुकीचा असतो. म्हणून मी त्याला मदत केली. कोंबडीवाल्याकडून वीस रुपयांचे तुकडे आणायचे, सकाळी साडेसातला गच्चीवर जाऊन कठड्यावर ठेवायचे, टाकीच्या आडोशाला बसायचं. आठवड्यात पाच-सहा घारी यायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात तुकडे वर फेकले की हवेतच झेलायच्या. काय शॉट्स मिळाले! आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकले होते, शंभरावर अंगठे आले. तुकडे कुठून आले हे कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फितीत फक्त घार दिसते.

या बाबतीत मी पहिला नव्हतो हे नंतर कळलं. 1958 सालच्या "व्हाइट विल्डरनेस" या डिस्नेच्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून समुद्रात सामूहिक उड्या टाकताना दाखवले, त्याला ऑस्कर मिळालं. 1982 मध्ये कॅनडाच्या दूरदर्शनने शोध लावला की लेमिंग विकत आणले होते आणि त्यांना ढकललं होतं. आजही अर्ध्या जगाला वाटतं की लेमिंग आत्महत्या करतात. त्या मानाने वीस रुपयांची कोंबडी म्हणजे किरकोळ. असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं.

घारीला एकदा शिकवलं की माणसाच्या हातात खाणं असतं, की ती हात बघते, कोणाचा ते बघत नाही. त्यात मार्च, घरट्यात पिल्लं. एका रविवारी गच्चीवर वाळवणं घालत असताना बी-विंगमधल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातातलं सँडविच घारीने ओढलं आणि नख त्याच्या डोक्याला लागलं. चार टाके. तो मुलगा आज इंजिनिअरिंगला आहे आणि मागच्या रांगेत बसलाय. त्याची आणि त्याच्या आईवडिलांची मी या भाषणाआधी घरी जाऊन माफी मागितली आहे. ते मोठ्या मनाचे निघाले.

त्या वेळी तातडीची सभा झाली. घारी माजल्या आहेत, घरटं काढा, असं ठरलं. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घारीच्या घरट्याला हात लावता येत नाही, हे त्या खोलीत बहुधा मला एकट्याला माहीत होतं. मी बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, घारी एवढ्या धीट कशा झाल्या. मी गप्प बसलो. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांतही माझा हात आहे, इतिवृत्त काढून बघा. दोन दिवसांनी नारळ उतरवणाऱ्या माणसाला वर चढवलं. घरट्यात दोन पिल्लं होती. एक खाली येईपर्यंत मेलं. दुसरं एका पक्षिमित्र मुलीने खोक्यात घालून नेलं, त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. घारीची जोडी माडाभोवती दिवसभर ओरडत फिरत होती. आणि मी, सांगायचं तर पूर्ण सांगतो, खिडकीतून त्याचं शूटिंग केलं. उजेड फार सुंदर होता. ती फीत मी कोणाला दाखवलेली नाही.

म्हणून हर्मानेसच्या माळावर छत्री धरून टपल्या खाताना मला त्या फूला बेटावरच्या लोकांचा हेवा वाटला. त्यांना स्कुआ आवडत होता असं नाही. पण तो कशासाठी टपली मारतो ते त्यांना कळत होतं.

आता शेवटचा भाग, तो थोडा वाईट आहे. 2021 मध्ये स्कुआंच्या वसाहतींत बर्ड फ्लूने पक्षी मरायला लागले आणि 2022 च्या उन्हाळ्यात तर समुद्रपक्ष्यांची नुसती रांग लागली. एच-5-एन-1. आपल्याला हे नाव नवापूरमुळे माहीत आहे, 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या कोंबड्या मारून पुरल्या होत्या ते आठवा. या विषाणूचं आजचं घराणं 1996 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांमध्ये सापडलं. म्हणजे पाळलेल्या पक्ष्यांतून रानातल्या पक्ष्यांत गेलेली ही गोष्ट. स्कुआ मेलेले पक्षी खातो, गोड्या पाण्याच्या तळ्यांवर घोळक्याने अंघोळ करतो, म्हणून त्याला फटका जबर बसला असं मानलं जातं. जगातले निम्म्याहून अधिक ग्रेट स्कुआ स्कॉटलंडात घरटी करतात. साथीनंतर ब्रिटनमध्ये ज्या वसाहती मोजल्या, तिथे सुमारे तीन चतुर्थांश स्कुआ कमी झाले होते. गॅनेट सुमारे एक चतुर्थांश. वाचलेल्या काही गॅनेटचे फिकट निळे डोळे काळे पडले होते. शास्त्रज्ञांनी तपासलं तर काळ्या डोळ्यांच्या बहुतेकांना रोग होऊन गेला होता. आणि स्कुआ सावकाश वाढणारा पक्षी आहे, सातेक वर्षांचा झाल्यावर पहिलं घरटं, फार तर दोन अंडी. तुटलेला आकडा भरायला आपल्या रिडेव्हलपमेंटपेक्षा जास्त वेळ लागणार.

2023 च्या जुलैमध्ये नातवंडासाठी आम्ही पुन्हा ॲबर्डीनला गेलो, तेव्हा मी हट्टाने पुन्हा हर्मानेसला गेलो. या वेळी काठी नेली होती. फळ्यांच्या वाटेवर मी ती डोक्यावर धरून चालायला लागलो आणि कोणी आलंच नाही. पंधरा मिनिटं चाललो. मग हात दुखला म्हणून काठी खाली घेतली. दूर एक जोडी बसली होती, त्यांनी नुसतं पाहिलं. कड्यावर गॅनेट होते, पुष्कळ होते, येत होते नि उतरत होते. सरळ घरी. वाटेत नाकेदार नाही.

तुम्ही म्हणाल, गॅनेटचं बरं झालं. मीही तिथे तसं म्हणून बघितलं. पण 2018 च्या फितीत जो गॅनेट दिसतो तो कड्याजवळ आल्यावर मान वळवून मागे बघतो, पंख किंचित आवळतो, लाटांना चिकटून येतो. ती सगळी हुशारी स्कुआने त्याला दिलेली. एक काढून घेतला की दुसऱ्यातलंही काहीतरी जातं. तुकडे फेकून ते परत आणता येत नाही. दोन तास मी कॅमेरा चालू ठेवला. ही शेजारी थर्मास घेऊन बसली होती, या वेळी तिने काही विचारलं नाही.

माझं झालं. समितीला दोन कामांच्या गोष्टी सांगतो, सभेत बोलायचं ते इथेच बोलून घेतो. डी-विंगमागच्या माडावर गेल्या डिसेंबरपासून पुन्हा काड्या जमल्या आहेत. माड तोच. घारी त्याच का, ते सांगता येत नाही. मार्चपर्यंत त्या गच्चीवर वाळवणं घालायची तर सी-विंगच्या गच्चीची किल्ली मागून घ्या, मी वॉचमनशी बोललोय. आणि कठड्यावर कोणीही, अगदी श्राद्धाचा घास सोडून, काही ठेवू नका. घास ठेवलात तरी ठेवून खाली या, फोन काढून उभं राहू नका.

दुसरी फीत सहा मिनिटांची आहे. त्यात कोणी कोणाचा पाठलाग करत नाही. मुलांना कंटाळा येईल, त्यांनी बाहेर खेळायला हरकत नाही, वडे साडेसातला आहेत. मागचे दिवे जरा बंद करता का?